साडेतीन मिनिटांची भैरवी

ज्यांचे इअरफोन नेमके बस भरलेली असताना बंद पडतात, त्यांच्यासाठी दर वेळेप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' मी शक्य तितके काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.

गेल्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की तू दर वेळी रॉकेट आणि दुर्बिणी घेऊन बसतेस, कधीतरी गाण्याबिण्याबद्दल बोल की. तर आज दोन्ही. आज आपण अशा एका गायिकेबद्दल बोलणार आहोत, जिचा आवाज पृथ्वीपासून प्रचंड लांब गेलाय. आणि ती बाई आपल्या इथली. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावची. केसरबाई केरकर.

ज्यांना हे आधीच माहीत आहे त्यांनी लगेच पुढे सरकवू नका. मला वाटायचं मलाही माहीत आहे. शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत असायचं, व्हॉयेजर यानावर केसरबाईंचं गाणं आहे, मग पुढची ओळ दुसऱ्याच कशाची तरी. त्या एका ओळीच्या आत काय काय आहे ते मी या वर्षी पहिल्यांदा नीट वाचलं. का वाचलं, ते शेवटी सांगते. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती लगेच सांगायची माझी हिंमत होत नाहीये.

आधी यान. १९७७ साल. व्हॉयेजर-२ उडालं २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला. हो, दोन आधी आणि एक नंतर. कारण एकचा मार्ग जवळचा होता, गुरूपाशी ते आधी पोचणार होतं, म्हणून नंबर तसे. दोघांचं काम गुरू आणि शनी बघायचं. दोन पुढे युरेनस आणि नेपच्यूनपर्यंत गेलं. पण हे ग्रह बघून झाल्यावर यानं परत येणार नव्हती. ती सूर्यमालेच्या बाहेर जाणार आणि जातच राहणार, हे गणितातच होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की कायमचा निघालेला पाहुणा रिकाम्या हातानं का पाठवायचा?

हे काम गेलं कार्ल सेगन यांच्याकडे. सेगन म्हणजे कॉर्नेल विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ, पण अमेरिकेत घराघरात ओळखीचा चेहरा. जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमात येऊन ते शुक्र-मंगळाच्या गप्पा मारायचे. पुढे १९८० मध्ये त्यांची 'कॉसमॉस' ही तेरा भागांची मालिका आली. आज आपण ज्याला 'सायन्स कम्युनिकेटर' म्हणतो आणि ज्याच्या रील्स फॉरवर्ड करतो, त्या जातकुळीचे हे मूळ पुरुष. गंमत म्हणजे त्यांच्या नावावर खपवलं जाणारं 'बिलियन्स अँड बिलियन्स' हे वाक्य त्यांच्यापेक्षा त्यांची नक्कल करणाऱ्या कार्सननेच जास्त गाजवलं.

सेगन यांच्या गटात फ्रँक ड्रेक होते, ॲन ड्रुयान होत्या, टिमोथी फेरिस, जॉन लोमबर्ग आणि लिंडा सॅल्झमन सेगन. यांनी ठरवलं, ग्रामोफोनची तबकडी पाठवायची. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, बारा इंच व्यासाची. त्यात ११५ चित्रं, पृथ्वीवरचे आवाज, ५५ भाषांतले नमस्कार आणि सुमारे नव्वद मिनिटांचं संगीत. आणि हे सगळं निवडायला हातात होते काही आठवडे.

इथे माझ्यातली इंजिनियर जागी होते. काही आठवडे! आमच्याकडे एका बटणाचा रंग ठरवायला त्याहून जास्त मीटिंगा होतात. आणि यांना ठरवायचं होतं, की अख्खी मानवजात नव्वद मिनिटांत कशी बसवायची. ते पण एकदाच. नंतर अपडेट पाठवायची सोय नाही.

मला सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये? तबकडीचं झाकण. आमच्यात म्हणतात, रीडमी फाइल नसेल तर कोड निरुपयोगी. झाकण म्हणजे ती रीडमी फाइल आहे, पण अशा वाचकासाठी ज्याला आपली भाषा, आपले आकडे, आपला सेकंद, काहीच माहीत नाही. तबकडी कोणत्या वेगानं फिरवायची हे कसं सांगणार? एका फेरीला ३.६ सेकंद लागले पाहिजेत. पण सेकंद हे आपलं प्रकरण झालं. म्हणून त्यांनी हायड्रोजनचा अणू घेतला. हायड्रोजन सगळीकडे तोच. त्याच्यात होणाऱ्या एका ठरावीक बदलाचा काळ हे एकक मानलं आणि वेग त्यात लिहिला, तोही द्विमान पद्धतीत, उभ्या-आडव्या रेघांनी. पृथ्वी कुठे आहे हे दाखवायला १४ पल्सारांचा नकाशा काढला. आणि तबकडी किती जुनी आहे हे कळावं म्हणून झाकणावर थोडं शुद्ध युरेनियम-२३८ चढवलं. त्याचं अर्धं व्हायला सुमारे साडेचार अब्ज वर्षं लागतात. किती उरलंय ते मोजा, वय काढा. सोबत सुई आणि कार्ट्रिजसुद्धा दिलंय. तिकडे ग्रामोफोनचं दुकान सापडेल न सापडेल!

आता नमस्कार. ५५ भाषांत मराठी आहे. हो, आहे! एका बाईंच्या आवाजात नमस्कार आहे आणि पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा आहेत, तुम्ही या जन्मी धन्य व्हा अशा अर्थाच्या. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं, कारण इतकं शुद्ध मराठी आमच्या घरी फक्त लग्नपत्रिकेत असतं. नासानं २०१५ मध्ये हे सगळे नमस्कार साउंडक्लाउडवर टाकलेत, ऐकता येतील. हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उडिया, तेलुगू, कन्नड, राजस्थानी, उर्दू हेही आहेत. तमिळ नाही. कोकणीही नाही. म्हणजे केरीच्या बाईचा आवाज तिथे आहे आणि केरीची भाषा नाही. घाईत असं होतं.

माझा सगळ्यात आवडता नमस्कार मात्र चीनमधल्या अमॉय बोलीतला आहे. त्या बाई परग्रहवासीयांना विचारतात, मित्रांनो, कसे आहात, जेवलात का? वेळ मिळाला तर या आमच्याकडे. बाकीचे सगळे विश्वशांतीबद्दल बोलतायत आणि या बाई जेवणाचं विचारतायत. ही बाई लक्षात ठेवा, परत येणार आहे.

बरं, संगीत. एकूण २७ तुकडे. बाखला तीन जागा, बेथोव्हेनला दोन, मोझार्टला एक, आणि आख्ख्या भारताला एक. मला हे खटकतं. मान्य आहे, जगात देश खूप आहेत. पण ज्या देशात संगीताच्या दोन स्वतंत्र शास्त्रीय परंपरा आहेत, तिथे एक गाणं आणि एका जर्मन माणसाला तीन? असो. निदान वाद झाले हे चांगलं झालं. चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड'वरून तर चांगलंच वाजलं. लोकसंगीताचे मोठे अभ्यासक ॲलन लोमॅक्स म्हणाले, रॉक अँड रोल म्हणजे पोरकटपणा. सेगन यांचं उत्तर, पृथ्वीवर पोरं पुष्कळ आहेत. विषय संपला. पुढे 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये स्टीव्ह मार्टिननं यावर धमाल केली. परग्रहावरून पहिला निरोप आलाय आणि त्यात म्हटलंय, चक बेरीची आणखी गाणी पाठवा! १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ नेपच्यूनपाशी पोचलं तेव्हा खुद्द चक बेरी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत येऊन गायला.

तुमच्यातले अर्धे लोक आत्ता मनात म्हणताय, लताबाई का नाहीत? मीही म्हटलं. तर झालं असं, की जगभरच्या संगीतासाठी सेगन यांच्या गटानं काही अभ्यासकांना विचारलं. त्यातले एक रॉबर्ट ब्राउन. जावा बेटावरच्या गॅमेलानचं त्यांनी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग या तबकडीवर आहे. भारताचं काय पाठवू, असं विचारल्यावर त्यांनी एकच नाव आग्रहानं सांगितलं. केसरबाई केरकर, राग भैरवी, 'जात कहाँ हो'. त्यांच्या मते भारतीय शास्त्रीय संगीताचं ध्वनिमुद्रण म्हणावं तर हे.

आता अडचण अशी, की न्यूयॉर्कमध्ये ती रेकॉर्डच मिळेना. ती बाजारातून केव्हाच गेली होती. ॲन ड्रुयान शोधत राहिल्या. शेवटी मिळाली कुठे? लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात. विजेच्या वस्तूंचं दुकान. तिथे एका घडीच्या टेबलाखाली धुळीनं भरलेलं खोकं होतं, त्यात तीन न फोडलेल्या प्रती. ड्रुयान यांनी तिन्ही घेतल्या.

मी हे वाचून जरा वेळ नुसती बसून राहिले. टेबलाखालचं खोकं! त्या दुकानदारानं आदल्या दिवाळीत साफसफाई करताना ते खोकं फेकून दिलं असतं तर? कोण आज विचारतंय असल्या रेकॉर्डी, असं म्हणून? तर यानावर दुसरं काहीतरी गेलं असतं आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

आता या केसरबाई कोण, ते ऐका.

जन्म १३ जुलै १८९२, केरीत. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे. जन्म कलावंत समाजातला, म्हणजे देवळाच्या सेवेत आणि मैफलींत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांचा समाज. याच समाजानं आपल्याला कितीतरी मोठे कलाकार दिले, आणि याच समाजाकडे लोकांनी नाक मुरडून बघितलं. गाणं हवं, गाणारी बाई घरात नको, असा तो मामला. केसरबाई लहानपणी, आठेक वर्षांच्या असताना, कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले, बरकतुल्ला खाँ. कुणाकडे थोडं, कुणाकडे आणखी थोडं. आणि १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला.

इथे हिशेब करा. १८९२ ते १९२१. बाई अठ्ठावीस वर्षांच्या. माझं वय आत्ता अठ्ठावीस आहे. म्हणून हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, मैफलींत गात असताना, त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी म्हणजे अनवट राग, लांब श्वास, एकातून एक उलगडत जाणारी आकारातली तान. शिकायला सोपं काही नाही. ती तालीम खाँसाहेब १९४६ मध्ये गेले तोवर चालली. पंचवीस वर्षं! आणि मी गेल्या महिन्यात नवीन प्रोग्रामिंग भाषा शिकायचा ऑनलाइन कोर्स तिसऱ्या धड्यावर सोडला, कारण 'आता वय झालं'.

पुढे त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये पद्मभूषण. 'सूरश्री' म्हणून लोक त्यांना ओळखायचे. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्यावर खूश होते. पण स्वभाव कडक. मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिथे गाणार. शिष्य करून घ्यायलाही नाखूश. धोंडूताई कुलकर्णी यांना त्यांनी शिकवलं, तेही उशिरा. आणि आपलं गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवायची त्यांना बिलकूल हौस नव्हती. थोड्याच रेकॉर्डी निघाल्या, बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांच्या. जी बाई एक राग तासभर मांडायची, तिला साडेतीन मिनिटांत उरकायला सांगायचं म्हणजे काय! एखाद्यानं आपल्या आयुष्याचं काम स्टेटसला टाकण्यासाठी तीस सेकंदांत कापावं, तसं.

आणि नेमकी हीच साडेतीन मिनिटं गेली.

५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर-१ उडालं. १६ सप्टेंबर १९७७ ला मुंबईत केसरबाई गेल्या. मध्ये अकरा दिवस. ज्यांना मैफलींची सवय आहे त्यांना सांगायला नको, भैरवी शेवटी म्हणतात. भैरवी झाली की चपला शोधायच्या.

आता जरा यानाकडे परत येऊ, कारण हे सगळं सोन्याच्या तबकडीत बंद असलं तरी ती वाहून नेणारं यंत्र अजून चालू आहे, आणि त्याची गोष्ट मला ऑफिसात रडू येतं तेव्हा धीर देते.

व्हॉयेजरच्या सगळ्या संगणकांची मेमरी मिळून सुमारे ७० किलोबाइट. तुम्ही सकाळी फॉरवर्ड केलेला 'शुभ सकाळ'चा फोटो त्यापेक्षा मोठा असतो. ट्रान्समीटर तेवीस वॉटचा, म्हणजे फ्रिजमधल्या दिव्याएवढा. आणि हे यान आहे २४ अब्ज किलोमीटरांहून जास्त लांब. प्रकाशाला तिथे जायला साडेबावीस तासांहून जास्त लागतात.

जुलै २०२३ मध्ये व्हॉयेजर-२ ला इकडून चुकीची कमांड गेली. यानाचा अँटेना पृथ्वीपासून दोन अंशांनी हलला. फक्त दोन अंश, आणि बोलणं बंद. मंडळी, मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी चुकीची सेटिंग्ज फाइल चढवली होती आणि आमचं ॲप चाळीस मिनिटं बंद होतं. ती चाळीस मिनिटं माझ्या तळहातांना सुटलेला घाम मला अजून आठवतो. इथे तर परत फिरवायची कमांड पाठवा, साडेअठरा तासांनी ती पोचणार, आणि जमलं की नाही ते कळायला आणखी साडेअठरा तास. तेही यानाचं तोंड दुसरीकडे असताना! ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या मोठ्या अँटेनातून त्यांनी जोर लावून आदेश पाठवला, त्याला त्यांनी स्वतःच 'ओरडणं' म्हटलं. सदतीस तास वाट बघितली. ४ ऑगस्टला यान बोलायला लागलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ ची पाळी. ते बोलत होतं, पण असंबद्ध. शून्य आणि एकची तीच तीच नक्षी. अर्थ काही नाही. आजारी माणूस कूस बदलत एकच शब्द पुटपुटत राहतो ना, तसं. इंजिनियरांनी मार्चमध्ये एक कमांड पाठवून यानाला जरा डिवचलं. उत्तरात जे आलं त्यात मेमरीचा सगळा मजकूर होता. तो जुन्या मजकुराशी ताडून बघितल्यावर कळलं, की एक चिप गेलीय, आणि तिच्यासोबत मेमरीचा सुमारे तीन टक्के भाग. त्या भागात जो कोड होता तो दुसरीकडे हलवायचा, पण एकत्र मावेल अशी एकही मोकळी जागा नाही. मग त्यांनी कोडचे तुकडे केले, मिळेल त्या कोपऱ्यात ठेवले आणि एक तुकडा दुसऱ्याला कुठे शोधेल ते सगळे पत्ते बदलले. १८ एप्रिल २०२४ ला पाठवलं. २० एप्रिलला यानानं आपली तब्येत नीट सांगितली, पाच महिन्यांनी पहिल्यांदा.

ज्यांनी हा कोड मुळात लिहिला त्यातले कितीतरी जण केव्हाच निवृत्त झालेत. सत्तरच्या दशकातले कागद जपून ठेवले होते म्हणून हे जमलं. कागद! कुणीतरी कपाट आवरताना टाकून दिले नाहीत म्हणून.

हां. तर आता माझी गोष्ट.

माझं गाव कोल्हापूर. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई होते, त्यामुळे आमच्याकडे जुन्या माणसांत जयपूर घराण्याचा अभिमान घरच्या तिखटाइतका. माझे आजोबा त्यातले. नोकरी साधी, स्वतःकडे रेकॉर्ड प्लेअर नाही. मग ते गल्लीतल्या एका वकिलांकडे रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन जायचे, प्लेअरसमोर ठेवायचे आणि रेकॉर्डी कॅसेटवर भरून आणायचे. पाठीवर स्वतःच्या अक्षरात राग, गायक, तारीख. अशा साठ-सत्तर कॅसेटी होत्या. लहानपणी मला त्यांचा कंटाळा यायचा, कारण कार्टूनच्या वेळेला नेमकी कुणीतरी तोडी सुरू करायचं.

आजोबा गेले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. तीन वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती काढली तेव्हा बाबांचा फोन आला, माळ्यावर कॅसेटींचं खोकं आहे, बुरशी आलीय, भंगारवाला खाली उभा आहे, काय करू? मी ऑन-कॉल होते, समोर लाल दिवे पेटलेले. मी म्हटलं, "बाबा, सगळं यूट्यूबवर आहे. देऊन टाका."

आणि बाबांनी दिलं. त्यांची चूक नाही. आमच्या घरात 'यूट्यूबवर आहे' म्हणणारी मीच.

या वर्षी मार्चमध्ये आईला कपाटात एक कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डरमध्येच राहिलेली, म्हणून वाचली. पाठीवर लिहिलेलं, 'केसरबाई – भैरवी वगैरे'. मी ती पुण्याला आणली. टेप एका जागी चिकटलेली, फिरवायला गेलं की चरचरायची. जुन्या बाजारात एक काका अजून ही कामं करतात. त्यांनी स्क्रू काढून टेप दुसऱ्या कॅसेटीच्या खोक्यात बसवली, खराब झालेला तुकडा कापला आणि माझ्या लॅपटॉपला जोडून दिली. मला म्हणाले, "एकदाच वाजवतो. दुसऱ्यांदा तुटली तर माझ्यावर येऊ नका."

खरखर. मग प्लेअरची सुई टेकल्याचा आवाज. मग तो स्वर. मी सांगू का, फोनच्या स्पीकरवर ऐकलेली केसरबाई आणि ही, यात फरक होता. म्हणजे आवाज वाईटच होता, रस्त्यावरून लुना गेलेली ऐकू येत होती. पण खोली ऐकू येत होती. त्या खोलीत कुणीतरी श्वास रोखून बसलंय हे ऐकू येत होतं, आणि ते आजोबा होते.

आणि गाणं संपत आलं असताना मागून दार वाजलं. आणि माझ्या आजीचा आवाज. पंधरा वर्षांत मी तो ऐकला नव्हता. आमच्याकडे तिचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही, ती गेली तेव्हा आमच्या घरी साधे फोन होते. ती म्हणते, "अहो, चला की जेवायला. भाकरी गार व्हायला लागल्या."

आजोबा दबक्या आवाजात "शू!" करतात. मग खट्. टेप बंद.

काकांनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे शेवटचं बोलणं कापून देऊ का? गाणं साफ निघेल."

मी इतक्या जोरात 'नाही' म्हटलं, की शेजारचा चार्जर विकणारा वळून बघायला लागला.

आता ती फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे, बाबांच्या फोनवर आहे, क्लाउडवर आहे, आत्याकडे पेनड्राइव्हवर आहे. बाबांनी ऐकली तेव्हा काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. बाकीच्या साठ-सत्तर कॅसेटींत काय होतं, वकिलांच्या खोलीत आणखी किती वेळा दार वाजलं असेल, याचा विचार मी दिवसा करत नाही. रात्री येतो.

चला, बराच वेळ झाला. 'जात कहाँ हो' ऐकायचं असेल तर केसरबाईंच्या नावानं शोधा, लगेच सापडेल. शक्यतो फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. आणि कुणाच्या घरी माळ्यावर खोकं असेल, आणि ते कसं वाजवायचं माहीत नसेल, तर मला मेसेज करा. त्या काकांनी परवानगी दिलीय, त्यांचा नंबर खासगीत देते. ते सोमवारी दुकान उघडत नाहीत, आणि बुरशी आली असेल तर कॅसेट घरी वाजवून बघू नका, आधी त्यांना दाखवा.

पुढच्या एपिसोडमध्ये पल्सारांबद्दल बोलू, तो झाकणावरचा नकाशा नीट समजावून सांगायचा राहिलाय. भेटू!